तारेला लागलेला हात

"मॅडम, तो बघा तुमचा हेर," गाडी बाभळीखाली लावत निसार म्हणाला.

मी मान वर करून पाहिलं. रस्त्याच्या कडेला आमच्या केबलचं चेंबर होतं. त्याचं सिमेंटचं झाकण कुणीतरी बाजूला सरकवलं होतं आणि काठावर एक म्हातारा बसला होता. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, उजवा हात कोपरापर्यंत चेंबरच्या आत. आजूबाजूला त्याची मेंढरं चरत होती. ना कुठलं यंत्र, ना लॅपटॉप, ना वायरींचं जंजाळ.

"हा?" मी विचारलं.

"दुसरं कोण दिसतंय तुम्हाला इथं? का मेंढरांपैकी कुणी असंल म्हणताय?"

निसार मुलाणी आमचा जोडारी. तुटलेली तार जोडायची, चेंबरं तपासायची आणि मधल्या वेळात माझी फिरकी घ्यायची, ही त्याची कामं. त्या दिवशी मात्र त्याचंही हसू ओठांतच राहिलं. महिनाभर आम्ही ज्याच्या पाठीमागे होतो तो हेर असा असेल, हे आमच्या दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं.

ही गोष्ट बरीच जुनी. मी तेव्हा पुण्यात केसकर सरांच्या हाताखाली काम करत होते. पुण्याहून साताऱ्यापर्यंत काचेच्या तारेतून प्रकाशाचे सुटे सुटे कण पाठवायचे आणि त्या कणांपासून दोन्ही टोकांना एकच गुप्त चावी तयार करायची, असं ते काम होतं. पुढे बँकांची, दवाखान्यांची, सरकारची माहिती त्या चावीनं कुलूपबंद होऊन जाणार होती. याची खुबी एवढीच, की वाटेत कुणी त्या कणांना चोरून पाहायला गेलं तर ते बिघडतात, आणि बिघडलेलं आम्हाला लगेच कळतं. विरजलेल्या दह्यात कुणी बोट घातलं तर साय मोडलेली दिसतेच, तसं. मग ती चावी आम्ही टाकून द्यायचो आणि नवी करायचो.

आमच्या प्रयोगशाळेत या सगळ्याची स्वतःची भाषा होती. पुण्याच्या टोकाला आम्ही माहेर म्हणायचो, साताऱ्याच्या टोकाला सासर. मधे कान लावून बसणारी जी कुणी असेल ती शेजारीण. ही नावं केसकर सरांनीच ठेवली होती. बाकी तो माणूस इतका सरळ, की त्यांनी आयुष्यात केलेला विनोद तो हा एकच असावा.

तर त्या उन्हाळ्यात आमची शेजारीण खरोखरच जागी झाली. दिवसभर चुकांचा टक्का अगदी गुण्यागोविंदानं खाली असायचा, आणि दुपारी चार वाजून गेले की एकदम उसळी. सहाच्या आसपास पुन्हा सगळं शांत. त्या वेळातल्या सगळ्या चाव्या फुकट. आधी वाटलं, उन्हानं तार तापत असेल. मग वाटलं, एखादा खडीचा क्रशर चालू असेल. पण आठवड्यातला एक दिवस पडद्यावरची चुकांची रेघ संध्याकाळपर्यंत सरळ राहायची. निसारनंच शोध लावला, की त्या दिवशी त्या पट्ट्यातल्या गावचा बाजार असतो.

"म्हणजे शेजारीण बाजारला जाते," तो म्हणाला, आणि आम्ही पोट धरून हसलो.

केसकर सर तेवढे हसले नाहीत. दिल्लीची माणसं दोन महिन्यांनी प्रात्यक्षिक पाहायला येणार होती. त्यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. प्रकल्प राहणार की गुंडाळणार, आम्ही राहणार की घरी जाणार. आणि सुट्टी घेणारी शेजारीण म्हणजे माणूस. यंत्र बाजाराला जात नाही.

मग निसारनं तारेत उजेडाचे ठोके सोडून ते कुठून परततात हे मोजलं, आणि आम्ही लोणंदच्या अलीकडच्या त्या माळावर येऊन पोचलो.

आम्हाला पाहून म्हातारा उठला नाही. हात फक्त बाहेर काढला.

"कंपनीचं का?" त्यानं विचारलं.

"तसंच समजा, आबा," निसार म्हणाला. "काय करताय?"

"काय न्हाय. बसलोय."

"झाकण काढून?"

"तोडत न्हाय, कापत न्हाय. हवं तर बघून घ्या आत." त्याच्या आवाजात भीती नव्हती. पोलिसांत द्यायचं तर द्या, पण आधी बघा, असा तो सूर होता.

मी वाकून पाहिलं. आत जादा केबलची गुंडाळी आकड्याला टांगलेली होती, सगळीकडे असते तशीच. फरक एवढाच, की इतर चेंबरांत गुंडाळी प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधलेली असते. इथं काळ्या लोकरीच्या सुतानं बांधलेली होती.

"हे सूत कुणी बांधलं?" मी विचारलं.



"माझ्या पोरानं," तो म्हणाला. "अंकुशनं. ठेकेदाराकडं हुता कामाला. त्या पट्ट्या संपल्या हुत्या म्हनं. खिशात घरचं सूत हुतं, त्येनं बांधली. बांधली, अन खड्ड्यातनं वर याला पाय उचलला तर मुरूम ढासळला अंगावर."

निसार खाली बसला. मी उभीच राहिले.

"लोकांनी उकरला तवा ही गुंडाळी हाय तशी निगाली," आबा सांगत होते. "येक पदर ढिला झाला न्हवता. मागनं भिती बांदल्या, झाकन टाकलं. सायब मला म्हनला, म्हातारबा, तुजं पोरगं कामाला चोख हुतं. मंग म्या म्हनलं, ह्ये त्येच्या हातचं शेवटचं काम. मेंढरं घिऊन माघारी येतो तवा बसतो वाईच. हात लावतो."

त्यांनी पुन्हा आत हात घातला आणि ती गुंडाळी तळहातात धरली. आई झोपलेल्या पोराचं मनगट धरते, इतक्या हलक्या हातानं. तेवढ्या दाबानं काचेतून धावणारे कण कलत होते, आणि तिकडे पुण्यात आमच्या पडद्यावर रेघ उसळत होती. महिनाभर आम्ही ज्याला चोर म्हणत होतो, जिच्या बाजारावरून हसत होतो, ते हे होतं. मला स्वतःची आणि आमच्या सगळ्या हसण्याची इतकी लाज वाटली, की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बाई," ते म्हणाले, "हात लावला तर चालतंय न्हवं?"

"चालतंय, आबा," मी म्हणाले.

निसारनं चमकून माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं ते गाडीत बसल्यावर.

"मॅडम, चालतंय म्हणालात."

"मग काय म्हणायला हवं होतं?"

त्यानं गाडी चालू केली. बराच पुढे गेल्यावर म्हणाला, "मी असतो तरी हेच म्हणालो असतो. पण सरांना काय सांगणार?"

सरांना मी खरं तेच सांगितलं. केसकर सरांपुढे दुसरं काही सांगण्याची माझी शिष्यदशेपासून छाती झाली नव्हती. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"गुंडाळी दुसरीकडे हलवली तर?" त्यांनी विचारलं.

"मग ती अंकुशनं बांधलेली राहणार नाही, सर."

"हं. झाकणाला कुलूप?"



"नाही, तेही नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग फळ्यापाशी गेले आणि आकडेमोड करत उभे राहिले. दिवसभरात आपण वापरतो त्यापेक्षा जास्त चाव्या तयार होतात. त्या साठवून ठेवल्या तर रोज दोन तास नव्या चाव्या केल्या नाहीत तरी अडत नाही. उजेड चालू ठेवायचा, चावी करणं तेवढं थांबवायचं. "चार ते सहा सुट्टी," सर म्हणाले. "शाळेला असते, तारेला का नको?"

म्हणजे त्यांनी आयुष्यात दोन विनोद केले.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक नवीनच रीत सुरू झाली. चार वाजले की कुणीतरी सुट्टीचं बटण दाबायचं. थोड्या वेळानं पडद्यावरची रेघ हलायला लागायची आणि ज्याचं लक्ष जाईल तो म्हणायचा, "आबा आले." चहा तेव्हाच यायचा. एखाद्या दिवशी रेघ उशिरा हलली, की कपबशा हातात धरून सगळे पडद्याकडे बघत बसायचे. एकदा सलग तीन दिवस रेघ हलली नाही, तर निसारनं काम काढून तिकडे चक्कर मारली. आबांना ताप होता. निसारनं गोळ्या नेऊन दिल्या, वर चहाही पिऊन आला.

मी स्वतः दोन-तीनदा जाऊन आले. आबांचं पूर्ण नाव खाशाबा धायगुडे. बायको आधीच गेलेली. सून नातवाला घेऊन माहेरी गेली होती, तिचं पुन्हा लग्न यांनीच लावून दिलं. "तरनीताठी पोर. जन्मभर माझ्या मेंढरामागं लावू का तिला?" असं म्हणाले. म्हणजे धरायला हातात उरलं होतं ते त्या चेंबरमधलं वेटोळं.

"बाई, ह्यातनं काय जातंय वो?" एकदा त्यांनी विचारलं.

"उजेड जातो, आबा."

"उजेड? नुसता?"

"नुसता. पण त्यात माणसांची बोलणी असतात. कुणाचे पैसे, कुणाचं दुखणं. दुसऱ्या कुणाला कळू नये असं."

"म्हंजी ह्ये लई जोखमीचं काम म्हना की." त्यांचा चेहरा उजळला. "अंकुश सांगत हुता, पर मला वाटायचं, बाता मारतोय."

दिल्लीची माणसं आली, प्रात्यक्षिक सकाळी उरकलं, छान झालं. प्रकल्प राहिला, आम्हीही राहिलो. आमच्यावरची टांगती तलवार गेली म्हणून आम्ही पेढे वाटले.

आणि त्यानंतर आठवड्याभरात रेघ हलायची थांबली.

पहिल्या दिवशी वाटलं, पुन्हा ताप असेल. दुसऱ्या दिवशी बाजार होता. तिसऱ्या दिवशी चहा आला, निवला, तरी रेघ आपली सरळच्या सरळ. पडद्यावर इतका स्वच्छ आलेख आम्ही कधी पाहिला नव्हता. माझ्या मनात नको ते येऊ लागलं. निसारला फोन लावत होते, एवढ्यात केसकर सर आत आले.

"सर, आबा येत नाहीयेत."

"असं कसं? मी तीनच दिवसांपूर्वी भेटलो त्यांना," सर म्हणाले. "साताऱ्याला जाताना मुद्दाम थांबलो. फार छान माणूस."

मनात पाल चुकचुकली. "काय बोललात त्यांच्याशी?"

"अगं, मी त्यांना म्हटलं, बाबा, तुम्ही एकटे नाही आहात. तुमचा नुसता हात लागला तरी आम्हाला तिकडे पुण्यात कळतं. रोज कळतं. आम्ही वाट बघतो." सरांचे डोळे हे सांगताना भरून आले होते. "मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. कुणीतरी आहे तिकडे, हे."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं, कसं कळतं? मी सांगितलं. कण कसे बिघडतात, चुका कशा वाढतात. अगदी सोप्या भाषेत सांगितलं, वैजयंती. त्यांना समजलं."

सर हाडाचे शिक्षक. समोरच्याला समजल्याशिवाय ते उठणारच नाहीत. मी डोक्याला हात लावला.

"त्यांनी विचारलं, म्हणजे तेवढा वेळ काम थांबतं का? मी म्हटलं, थांबतं, पण आमची त्याला काही हरकत नाही." एवढं बोलून सर थांबले. माझा चेहरा पाहून त्यांच्या लक्षात आलं असावं. ते खुर्चीत बसले. त्यांना दोष तरी काय द्यायचा? खोटं बोलणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला निसार आणि मी माळावर पोचलो. चेंबरचं झाकण बंद होतं. त्याच्या चारी बाजूंना बाभळीच्या काटेरी फांद्या रचून कुंपण केलेलं होतं. आबा तिथून चांगले लांब, ओढ्याच्या अंगाला एका दगडावर बसले होते. एक कोकरू कुंपणाकडे निघालं तसे ते उठले, त्याला हाकलून आणलं आणि परत दगडावर बसले.

"या बाई," ते म्हणाले. "या, पावनं."

"आबा, हे काय केलंत?" मी कुंपणाकडे बोट दाखवलं.

"वरनं मेंढरं जात्यात. वझं पडतंय, हालतंय. सायब म्हनलं, वाईच धक्का बी सोसत न्हाय त्येला."

"मेंढरांनी काही होत नाही. आणि तुम्ही का येत नाही?"

"येतो की. हितं बसतो."

"हात लावायला का येत नाही?"

"आदी म्हाईत न्हवतं, बाई. तुमी म्हनला, चालतंय. म्हनून लावत हुतो."

"चालतंयच, आबा. खरंच चालतंय." मी त्यांच्यासमोर खाली बसले. "आम्ही सोय केलीय. चार ते सहा चावी करायचं काम आम्ही बंदच ठेवतो. कुणाचं काही अडत नाही. तेवढा वेळ तुमच्यासाठीच ठेवलाय."

मला वाटत होतं, हे ऐकल्यावर गाठ सुटेल. पण त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"माझ्यासाठी बंद?" ते म्हणाले. "बाई, त्येनं ती चालू व्हावी म्हनून जीव घातला त्यात. अन त्येचा बाप रोज जाऊन ती बंद पाडतोय व्हय?"

"तसं नाही हो आबा..."

"तसंच हाय. सायबानं नीट सांगितलंय मला. गुंडाळी त्येनं चोख बांदली. खोट काडायला जागा ठिवली न्हाय. अन रोज चार वाजता त्येच्या कामात खोट यायची ती माझ्या हातानं." त्यांनी तळहात उलटासुलटा करून पाहिला. "मला वाटायचं, म्या त्येच्यापाशी बसतोय. म्या त्येचं काम नासवत हुतो."

निसार म्हणाला, "आबा, आमच्याकडं सगळे वाट बघत्यात तुमची. चहा तुम्ही आल्याबिगर घेत नाय कुणी."

"घ्या की चा. माझ्यापायी काय अडतंय?" त्यांनी निसारच्या गुडघ्यावर थोपटलं, जणू समजूत निसारचीच काढायची होती. मग माझ्याकडे वळले. "बाई, येक करा. ती येळ आता चालू करा."

"आबा..."

"करा म्हनलं ना. दिसभर चालती, मंग दोन तास का म्हनून बंद? माझ्यादेखत करा. पुन्याला लावा फोन."

मी निसारकडे पाहिलं. त्यानं तोंड फिरवलं होतं. मला नाही म्हणायचं होतं. पुन्हा एकदा खोटं बोलायचं होतं. पण आधीच्या माझ्या "चालतंय"नं काय झालं होतं ते समोर बसलं होतं. मी फोन लावला.

"सर, चार ते सहाची सुट्टी काढून टाका," मी म्हणाले. "हो, आत्ताच. आबा इथंच आहेत."

पलीकडून सर काही विचारत होते. मी फक्त हो म्हणत राहिले. आबा माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. ऊन अजून कडक होतं आणि मेंढरं बाभळीच्या सावलीत एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. थोड्या वेळानं सर म्हणाले, "चालू केलं. चावी तयार होतेय. एकही बिघाड नाही."

मी फोन ठेवला.

"झालं?" आबांनी विचारलं.

"झालं."

"चालतंय?"

"चालतंय, आबा."

"काय खोट?"

"काही नाही. एकदम चोख चाललंय."

"मंग बेस," ते म्हणाले. "त्येचं काम चोखच असायचं."

आणि मग त्यांनी उजवा हात डाव्या हातात घेतला, घट्ट धरला, आणि आमच्यासमोर पहिल्यांदा रडले. मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवला, पण त्यांनी तो हळूच बाजूला केला. त्यांना माझा हात नको होता.

ती तार अजून चालू आहे. चार वाजता तिथं आता काहीही होत नाही.